गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालायचे असेल तर

मुंबईत कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसे शोधावी लागत नाहीत. टपरीवर चहाबरोबर घेतलेल्या बिस्किटांपैकी दोन पायाशी बसलेल्या कुत्र्याला टाकणारा टॅक्सीवाला, दुपारी पाटी आवरताना माशांची डोकी बाजूला काढून ठेवणारी कोळीण, रात्रपाळीच्या डब्यातली अर्धी चपाती राखणारा वॉचमन, या सगळ्यांना कोणाच्या मार्गदर्शनाची गरज नाही. ज्यांनी मात्र एखाद्या गल्लीतल्या पाच-सहा कुत्र्यांना रोज एक वेळचे जेवण द्यायचे मनावर घेतले आहे, त्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि पुढील मजकूर त्यांच्यासाठी आहे.

रोज देणे आणि मनात येईल तेव्हा देणे यांत फरक आहे, तो माणसापेक्षा कुत्र्याला लवकर कळतो. काही दिवसांतच तो तुमच्या वेळेच्या आधी जागेवर येऊन बसू लागतो आणि उकिरड्याच्या किंवा हॉटेलच्या मागच्या दाराच्या फेऱ्या कमी करतो, म्हणजेच पोटाची निम्मी भिस्त त्याने तुमच्यावर टाकलेली असते. त्यामुळे वर्षभर, पावसाळ्यासकट, ही वेळ पाळणे आपल्याला जमेल का, याचा विचार पहिला डबा भरण्यापूर्वी करावा. जमणार नसेल तर त्यात कमीपणा नाही. बहुतेक गल्ल्यांत असे काम आधीच करणारी एखादी काकू किंवा आजोबा असतात, आणि चिकनवाल्याला विचारले तर तो त्यांचे नावच काय, रोजचे वजनही सांगतो. त्यांना महिन्याचा तांदूळ भरून देणे, लसीचा खर्च उचलणे किंवा रविवारची पाळी घेणे हे नवा उपक्रम सुरू करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

आधी गल्लीची ओळख

सुरुवातीचा आठवडाभर काहीही न देता फक्त पाहावे. कुत्र्यांच्या टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. एका गल्लीतला कुत्रा धावत धावत कोपऱ्यापर्यंत येतो, विजेच्या खांबाचा पायथा हुंगतो, पाय वर करतो आणि समोरच्या गल्लीकडे एकदा पाहून मागे वळतो. ती त्याची हद्द. या हद्दीवर अन्न कधीही ठेवू नये, कारण दोन टोळ्या तेथे एकत्र आल्या की भांडण ठरलेले असते आणि रात्रीच्या त्या कोलाहलाचा दोष खाऊ घालणाऱ्याच्या माथी येतो. अन्नाची जागा टोळीच्या इलाक्याच्या आत, रहदारीपासून दूर आणि शक्यतो भिंतीच्या कडेला असावी. उभ्या गाड्यांच्या मागे अन्न ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी. गाडी मागे घेणाऱ्याला खाली मान घालून खाणारा कुत्रा दिसत नाही.

याच आठवड्यात एक वही करावी. प्रत्येक कुत्र्याचा रंग, नर की मादी, अंगावरची ठळक खूण, लंगडतो का, खरूज आहे का आणि कानाच्या टोकाला लहान खाच आहे का, एवढे लिहून ठेवावे. ती खाच म्हणजे निर्बीजीकरण झाल्याची निशाणी. नावे ठेवावीत, पण गल्लीत प्रचलित असलेलीच ठेवावीत. एकच कुत्रा तळमजल्यावरच्यांचा लाल्या, तिसऱ्या मजल्यावरच्यांचा ब्राउनी आणि वॉचमनचा शेरू असतो, तिघांकडे तीनदा जेवतो आणि लस कोणी दिली याचा पत्ता तिघांनाही नसतो.

जागा, वेळ आणि कायदा

केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याविषयी स्वतंत्र तरतूद आहे. तिच्यानुसार सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने त्यासाठी जागा ठरवून द्यायची असते. ती लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी, मुले व वृद्ध यांची वर्दळ पाहून वेळ ठरवावी आणि खाऊ घालणाऱ्याने तेथे घाण होऊ देऊ नये, असे नियम सांगतो. वाद मिटत नसेल तर तो प्राणी कल्याण समितीपुढे नेण्याची सोय आहे, आणि त्या समितीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी कल्याण संस्था यांच्याबरोबर तक्रारदार आणि सोसायटीचा प्रतिनिधीही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा तयार करण्यास सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे हटवून ते पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले. म्हणून महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन आपल्या भागातील ठरलेली जागा विचारावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. स्टेशनाच्या पुलाखाली कुत्र्यांना बिस्किटे टाकण्याची सवय असणाऱ्यांनी ती आता सोडावी. त्या सवयीत कुत्र्याचेच नुकसान आहे.

वेळ रात्री साडेदहा-अकरानंतरची किंवा पहाटे वर्दळ सुरू होण्यापूर्वीची ठेवावी. संध्याकाळी सात ही सर्वांत वाईट वेळ, कारण त्याच सुमारास मुले क्लासवरून परततात आणि त्यांच्या हातात हमखास काहीतरी खाण्याचे असते.

काय शिजवावे, काय टाळावे

तांदळाची कणी, कलेजी किंवा हाडांविना चिकनचे तुकडे आणि थोडा लाल भोपळा अथवा गाजर हे एकत्र मऊ शिजवले की रोजचे जेवण होते. एक किलो कणीला साधारण अर्धा ते पाऊण किलो मांस पुरते, आणि हे शिजवलेले अन्न आठ-नऊ कुत्र्यांना एक वेळ होते. आपल्याकडचा रस्त्यावरचा प्रौढ कुत्रा साधारण पंधरा ते वीस किलोचा असतो आणि तो इतरत्रही तोंड मारत असतो, त्यामुळे त्याला तीन-चारशे ग्रॅमपेक्षा अधिक वाढण्याची गरज नसते. स्वस्त पडतात म्हणून कोंबडीचे पाय आणि माना घेतल्या तर शिजल्यावर हाडे वेचून काढावीत. शिजलेले हाड ठिसूळ होते आणि त्याच्या धारदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. मीठ घालू नये. ज्यांच्या घरी मांसाहार शिजत नाही त्यांनी मुगाची डाळ, भोपळा आणि सोयाबीनच्या वड्या घालून भात करावा. ताज्या दह्याचा भातही चालतो.

टाळण्याच्या गोष्टी मात्र काटेकोरपणे टाळाव्यात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, म्हणून चायनीजच्या गाडीवरचा उरलेला शेजवान भात आणि लग्नाच्या हॉलमधली उरलेली बिर्याणी दोन्ही बाद. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा प्रेमाने पुढे करणाऱ्यांनी निदान त्यातले बेदाणे तरी पाहावेत. चॉकलेट विषारी आहे. दूध प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी जुलाब लागतात. बिस्किटात मैदा आणि साखर यांपलीकडे फारसे काही नसते. ओळख करून घ्यायला एखादे ठीक, त्यावर जेवण भागवू नये. गोळी द्यायची असेल तर कलेजीच्या तुकड्यात लपवावी.

वाढताना एकाच परातीत सर्वांना देऊ नये. टोळीतल्या दांडगट कुत्र्याला आधी द्यावे, इतरांचे वाढप चार-पाच फूट अंतर ठेवून करावे आणि पिल्ले व म्हातारी कुत्री यांना वेगळ्या कोपऱ्यात, आपण उभे राहून जेवू घालावे. भांडी किंवा पत्रावळी आपणच न्याव्यात आणि वीस मिनिटांत उरलेले सर्व उचलून जागा धुवावी. हा टापटिपीचा हट्ट नाही. सांडलेल्या भातावर रात्री उंदीर येतात, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्या माणसाला आणि त्याच पाण्यात बसणाऱ्या कुत्र्याला तो सारखाच होतो. पाण्यासाठी सिमेंटचे जड भांडे ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून निदान दोनदा आतून घासावे, नाहीतर त्यात डासांची पैदास होते आणि तक्रारीला खरेच कारण मिळते.

माया लागते कशी

अन्नाने कुत्रा जवळ येतो. विश्वास ठेवायला त्याला आणखी काही लागते. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे: अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला आणि काहींना कुरवाळले, तेव्हा कुरवाळलेल्या कुत्र्यांचा त्या माणसावर अधिक विश्वास बसल्याचे आढळले. त्याआधी, २०१५ मध्ये, जपानी संशोधकांनी दाखवले होते की पाळीव कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, म्हणजे आई आणि बाळ यांच्या नात्यात काम करणारे संप्रेरकच येथेही काम करते. मात्र हे ओळखीच्या कुत्र्याबाबत खरे आहे. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे ही त्याच्या भाषेत धमकी असते.

बुजलेला कुत्रा पहिल्यांदा कसा घास घेतो ते नीट पाहावे. मागचे दोन पाय पळण्याच्या तयारीत मागेच राहतात, धड लांबते, मान पुढे येते, कान मागे चिकटलेले असतात. तो तुकडा ओठांच्या टोकाने उचलतो आणि चार पावले मागे जाऊन स्कूटरच्या आड खातो. या वेळी पुढे सरकण्याचा मोह आवरावा. जमल्यास कुत्र्याकडे अंगाची कूस करून खाली बसावे, हात गुडघ्यावर ठेवावेत, नजर जमिनीकडे ठेवावी आणि हळू आवाजात त्याचे नाव घ्यावे. रोटी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला वंदनीय आहेत. आपण मात्र पळणाऱ्या कुत्र्यामागे धावू नये, आणि तूपही घालू नये. काही दिवसांनी तो स्कूटरच्या आड न जाता समोरच खाऊ लागतो, पुढे कधीतरी खाऊन झाल्यावर निघून न जाता घुटमळतो, आणि मग एके रात्री येऊन पायाला अंग घासतो. तेव्हाही हात डोक्यावरून न नेता छातीला किंवा हनुवटीखाली लावावा, दोन-तीन सेकंद खाजवून थांबावे. तो अंग टेकून आणखी मागत असेल तर पुढे जावे. जीभ ओठांवरून फिरवत, जांभई देत किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत मान फिरवत असेल तर त्याला तेवढेच पुरे आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला, तो कितीही ओळखीचा असला तरी, हात लावू नये. काही कुत्री वर्षानुवर्षे हात लावू देत नाहीत आणि तरी रोज सर्वांत आधी येऊन बसतात. त्यांची ओढ कमी असते असे समजण्याचे कारण नाही.

मायेची दुसरी बाजू खाऊ घालणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते. लळा लागलेला कुत्रा तुमची राखण करू लागतो. तुम्ही डबा उघडून उभे असताना शेजारून जाणाऱ्या माणसावर तो भुंकतो, तुमच्याशी बोलायला आलेल्या बाईच्या पदराजवळ गुरगुरतो, आणि तुम्हाला त्यात कौतुक वाटू लागते. येथेच चुकते. त्या क्षणी कुरवाळणे आणि वाढणे दोन्ही थांबवावे, मागे सरकावे आणि तो शांत झाल्यावरच पुन्हा वाढावे. चूप राहिल्यावर जेवण मिळते हे कुत्रा लवकर शिकतो. रस्त्यापलीकडच्या कुत्र्याला हाक मारू नये, आपण रस्ता ओलांडून जावे, कारण हाकेसरशी निघालेला कुत्रा गाडी पाहत नाही. सर्वांचे खाऊन झाले की दररोज तेच शब्द, उदाहरणार्थ ‘बस, संपलं’, उच्चारून रिकामे हात दाखवावेत आणि मागे न पाहता चालू लागावे. मागे वळून पाहिले की तो फाटकापर्यंत येतो आणि तेथून जिन्यापर्यंत येण्याला वेळ लागत नाही.

लस, निर्बीजीकरण आणि चावा

ज्या कुत्र्याचा तुमच्यावर विश्वास आहे त्याला धरणे इतरांपेक्षा तुम्हाला सोपे असते, म्हणून ही जबाबदारी आपोआप तुमच्याकडे येते. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि रोगाची साखळी तुटण्यासाठी भागातील निदान ७० टक्के कुत्र्यांना ती मिळालेली असावी लागते. मादीचा गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो, त्यामुळे निर्बीजीकरणाला ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणणे म्हणजे आणखी पाच-सहा पिल्ले. महापालिका आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या संस्था हे करतात. १९१६ या क्रमांकावर नोंद करता येते. पकडणारी गाडी येईल त्या दिवशी सकाळचे खाणे देऊ नये, पण कुत्र्याला जाळ्यापर्यंत चुचकारून नेण्याचे काम शक्यतो स्वतः करू नये. पट्टा बांधून शांतपणे सुपूर्त करता आले तर उत्तम, नाहीतर बाजूला उभे राहावे. नियमानुसार शस्त्रक्रियेनंतर कुत्रा उचललेल्या जागीच परत सोडावा लागतो, तेव्हा तो परत आला की नाही हे वहीत पाहून विचारावे. आजारी कुत्र्यासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच. टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणावे, म्हणजे अधिक सांगावे लागत नाही.

चावा लागला, मग तो लाडक्या कुत्र्याचा का असेना आणि ओरखडा केवढाही का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काही लावू नये. त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या पहिल्या मात्रेनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीच्या मात्रा चुकवू नयेत, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनविषयी, म्हणजे जखमेत दिल्या जाणाऱ्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनविषयी, डॉक्टरांना विचारावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा असतो, आणि गल्लीतल्या दुसऱ्या कोणालाही चावला असला तरी ‘तो कुत्रा ओळखीचा आहे, काल रात्रीही जेवला’ हे खात्रीने सांगू शकणारी व्यक्ती बहुधा तुम्हीच असता. उपचार मात्र त्या दहा दिवसांसाठी अडवून धरू नयेत. रोज खाऊ घालणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून चाव्याआधीची प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी. रोज शेपूट हलवणारा कुत्रा एखाद्या रात्री तुम्हाला ओळखेनासा झाला, त्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर मायेने जवळ जाऊ नये. लोकांना दूर ठेवून १९१६ वर कळवावे.

शेजारी

कुत्र्यांवरून भांडणे मुंबईला नवी नाहीत. कंपनी सरकारच्या काळात, १८३२ मध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी असा सगदीदचा विधी पाळणाऱ्या समाजाला तो हुकूम सोसणे शक्य नव्हते. आजचे भांडण सोसायटीच्या सभेत होते. ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याला भित्रा किंवा निर्दयी ठरवून काही साधत नाही. पहाटे दूध टाकणाऱ्या मुलाची भीती खरी असते. सेक्रेटरींना लेखी कळवावे, कुत्र्यांची छायाचित्रे, निर्बीजीकरण आणि लसीची तारीख सूचनाफलकावर लावावी, आणि दूधवाला, पेपरवाला, झाडूवाली यांची व कुत्र्यांची ओळख स्वतः उभे राहून करून द्यावी. कोणी विष घालण्याची भाषा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला विष घालून मारणे किंवा जायबंदी करणे हा गुन्हा आहे, एवढे शांतपणे सांगावे.

गावी जाताना, घर बदलताना

गणपतीला गावी जायचे तर दहा-बारा दिवसांची सोय आधी लावावी. बदली व्यक्तीला निदान तीन-चार रात्री बरोबर नेऊन वाढायला लावावे, नाहीतर कुत्री तिच्यापुढे येत नाहीत आणि अन्न तसेच पडून राहते. त्याच दिवसांत मिरवणुकांच्या ढोल-ताशांनी आणि पुढे दिवाळीत फटाक्यांनी बुजून कुत्री हद्द सोडून पळतात, म्हणून गळ्यात फोन नंबर लिहिलेला, अंधारात चमकणारा पट्टा आधीच बांधून ठेवावा.

पुनर्विकास हा त्याहून अवघड प्रसंग. चाळ रिकामी होते, माणसे भाड्याच्या घरांत विखुरतात, जागेभोवती पत्रे उभे राहतात आणि कुत्री पत्र्यांबाहेर आपापल्या जुन्या दाराच्या अंदाजाने बसून राहतात. त्यांना गाडीत घालून नव्या वस्तीत सोडू नये; तेथील टोळी त्यांना टिकू देत नाही आणि नियमही तशी परवानगी देत नाहीत. म्हाताऱ्या किंवा अपंग कुत्र्याला घरात घेता येत असेल तर घ्यावे आणि पालिकेचा परवाना काढावा. बाकीच्यांसाठी जवळच्या इमारतीतील एखादी व्यक्ती किंवा बांधकामाच्या जागेवरचा वॉचमन शोधावा आणि जाण्यापूर्वी पंधरवडाभर दोघांनी मिळून जेवण द्यावे, पहिला आठवडा तुम्ही वाढावे आणि त्याने शेजारी उभे राहावे, दुसऱ्या आठवड्यात उलट. त्याने तीच वेळ पाळली, त्याच डब्याच्या झाकणाचा आवाज केला आणि त्याच नावांनी हाका मारल्या, तर बहुतेक कुत्री त्याला स्वीकारतात. वही त्याच्या हाती देताना पुढच्या लसींच्या तारखा आणि खाच नसलेल्या कुत्र्यांची नावे वेगळ्या पानावर लिहून द्यावीत, आणि तांदळाचे पैसे निदान सुरुवातीचे काही महिने आपणच पाठवावेत.